घरची गिनती

सिग्नलच्या माणसाला भरतीच्या पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवतात. निरोप पोचवायचा, वाचायचा नाही. मी सयाजी जगदाळे, नायब सुभेदार, चोवीस वर्षं हे पाळलं. कुणाचं पत्र फोडलं नाही, कुणाच्या फोनला कान लावला नाही. याचा मला भारी तोरा होता. गावाकडं कुणी खासगीपणावर वाद घालायला लागलं, की मी मध्येच तोंड घालायचो. म्हणायचो, अरे बाबांनो, शब्द ऐकला तर चोरी. शब्दच ऐकला नाही तर चोरी कसली?

आणि तरीही शंभूच्या घरात जे घडलं ते माझ्या हातून घडलं, एक शब्द न ऐकता. चौकशी झाली, तिच्यात मी निर्दोष सुटलो. पण चौकशीला जे माहीत नाही ते मला माहीत आहे. ते लिहून काढल्याशिवाय मला आता चैन पडायची नाही.

आधी त्या डबीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पाच वर्षांपूर्वी एका चौकीवरचा जवान आपल्या आईशी दहा मिनिटं बोलला. आईनं विचारलं, गाड्या कधी निघणार, बाळा? त्यानं सांगितलं. त्या वेळी खरी आई गावात भावाच्या घरी बसून शेंगा फोडत होती. पडद्यावरचा चेहरा बनवलेला, आवाज बनवलेला, खोकलासुद्धा तिचाच. त्या गाड्यांचं पुढं काय झालं ते मी इथं सांगणार नाही. तेव्हापासून वरच्या लोकांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. चेहरा बनवता येतो, आवाज बनवता येतो, मग पलीकडं खरंच घरचं माणूस बसलंय हे ओळखायचं कशावरून?

उत्तर आमच्याच लहरींत सापडलं. ज्या लहरींवर आपण बोलतो त्या नुसतं बोलणं वाहून नेत नाहीत. घरातल्या डबीतून लहर निघते, भिंतीवर आपटते, कपाटावर आपटते, माणसावर आपटते आणि परत येते. भिंत हलत नाही, कपाट हलत नाही. माणूस मात्र गप्प बसला तरी हलतो. श्वास घेतला की छाती अर्धा सेंटिमीटरभर वर येते, हृदयाच्या ठोक्यानं त्याहून कितीतरी कमी, केसाच्या जाडीइतकी हलते. तेवढ्यानंही परत येणाऱ्या लहरीचा रस्ता कमीजास्त होतो, आणि डबी तो फरक सेकंदाला हजार वेळा मोजते. लांबून चालीवरून आपण माणूस ओळखतो ना, तसाच श्वासाठोक्यांच्या चालीवरूनही ओळखता येतो. जवानाच्या घरी डबी बसवली की आठवडाभर ती घरच्यांची चाल शिकून घेते. मग फोनच्या दिवशी ठरल्या वेळी तिची घंटा वाजते, मिनिटभर ती खोली मोजते. फक्त नोंदलेली माणसं असली तर आमच्याकडं हिरवा दिवा लागतो आणि बोलणं जोडलं जातं. अनोळखी कुणी असलं तर लाल.

पलटणीत रोज संध्याकाळी गिनती होते, सगळे उभे राहतात आणि डोकी मोजली जातात. म्हणून पोरांनी या प्रकाराला नाव दिलं, घरची गिनती. मला ते नाव आवडलं होतं. माझ्या बायकोला, वैशालीला, अजिबात आवडलं नव्हतं. मी श्वास घेते ते सरकारला कशाला कळायला पाहिजे, असं म्हणाली. मी हसलो. म्हटलं, तुझ्या श्वासात एवढं काय गुपित आहे बाई? तिनं डबी उचलली आणि स्वयंपाकघरात मिक्सरच्या मागं नेऊन ठेवली.

आमची चौकी सोळा हजार फुटांवर. तिथं दोन गोष्टींवर माणूस जगतो, गरम चहा आणि घरचा फोन. फोनचं खातं माझ्याकडं. प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं, आणि रोज वीस शब्दांचा एक लेखी निरोप.

हवालदार शंभूराज घाडगे माझ्याच गावचा, बोरजाईचा. बोरजाईत घरटी एक माणूस फौजेत. शंभूचे वडील, आप्पा, तेही फौजेतून नाईक होऊन निवृत्त झालेले. गावातल्या पोरांना पहाटे माळावर पळवायचे. मलाही त्यांनीच पळवलं. छाती फुटायची वेळ आली की मागून ओरडायचे, "चार पावलं आत, चार पावलं बाहेर! श्वास सोडला तर भरती सोडली!" त्या श्वासावर मी भरती झालो. माझ्या घरात रोज दोन वेळा चूल पेटली ती आप्पांच्या जिवावर, हे मी कधी विसरलो नव्हतो.

शंभूच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको प्रांजल, फलटणकडची, बँकेत नोकरी सोडून आप्पांसाठी गावात राहिलेली. घरात नोंदलेली माणसं दोनच, प्रांजल आणि आप्पा. शंभूची वेळ सहा वीसची. पावणेसहापासून हा पठ्ठ्या माझ्या बंकरच्या दाराशी घुटमळायचा. मी चिडवायचो, बायको कुठं पळून जात नाही रे तुझी. तो लाजून हसायचा. 

फेब्रुवारीच्या दोन तारखेला शंभूची गिनती लाल झाली. चार तारखेला परत लाल. शंभूनं वीस शब्दांत विचारलं, घरात कोण आहे? प्रांजलचं उत्तर आलं, मी आणि आप्पा, दुसरं कोण असणार?

यंत्र सांगत होतं, एक प्रांजल आहे आणि दुसरं माणूस आप्पा नाही.

शंभू माझ्याकडं आला. बारा तारखेपासून त्याची रजा मंजूर होती, चाळीस दिवसांची. तो म्हणाला, "नाना, बिघाड असेल. तुम्ही जरा आत बघा ना."

अशा वेळी काय करायचं याचा नियम आहे, आणि तो सोपा आहे. पडताळणी फोन करायचा. माझ्यासारखा अधिकारी घरी साधा आवाजाचा फोन लावतो, समोर फॉर्म असतो, त्यातला पहिला प्रश्नच असतो, खोलीत कोण कोण आहे? घरचे सांगतात, आपण लिहितो, मग डबी नव्यानं शिकते. अर्ध्या तासाचं काम. पण फॉर्म कंपनी कमांडरकडं जातो, म्हणजे तो आणखी चार जणांच्या नजरेखालून जाणार. मला वाटलं, नकोच. गावचं पोर, नवं लग्न, उगाच बोभाटा. आपण आधी गुपचूप बघू.

आत म्हणजे कच्ची नोंद. दिव्याच्या मागं खऱ्या लहरी साठवलेल्या असतात, बिघाड शोधण्यापुरत्या उघडायच्या. मी उघडल्या. दोन रेघा होत्या. वरची प्रांजलची, नेहमीची. खालची रेघ तुटक. थोडा श्वास, मग वाढता श्वास, मग उतरता, आणि मग काहीच नाही. वीस सेकंद सपाट. पुन्हा थोडा श्वास.

चोवीस वर्षं तुटक रेघ दिसली की माझा हात आपोआप एकाच ठिकाणी जातो. आमच्याकडं वादळ असलं की उपग्रहाच्या वाटेवर माहिती सांडते, मध्येमध्ये भगदाडं पडतात. त्यासाठी एक गाळणी असते. ती मागचं-पुढचं बघून भगदाड भरून काढते. निरोप अखंड झाला पाहिजे, हेच तर आमचं काम. वादळ त्या दिवशी नव्हतं, पण मी गाळणी लावली. वरची रेघ अखंड आहे आणि खालचीच तेवढी तुटकी आहे, मग सांडलं असतं तर दोन्हीतून सांडलं नसतं का, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या रिक्रूटलाही पडला असता. मला पडला नाही. गाळणी लावल्यावर खालची रेघ छान गुळगुळीत झाली. मोठं माणूस, छाती रुंद, पलंगावर आडवं. प्रांजलपासून दोन हातांवर.

मी शंभूला सांगितलं. आवाज खाली आणून, मोठ्या भावासारखा, खांद्यावर हात ठेवून सांगितलं. "मशीन ठीक आहे रे. खोलीत कुणीतरी आहे. पुरुष असावा. आप्पा नाहीत."

 मी पडताळणी फोनचं काढलं तर म्हणाला, नको नाना, कंपनीभर होईल. त्या रात्री प्रांजलचा निरोप आला, आप्पाच आहेत, तुमची शपथ. त्यानं वाचला आणि मला म्हणाला, माझी लाइन बंद करा, निरोपही घेऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली रजा पांडे नावाच्या जवानाला देऊन टाकली. पांडेच्या घरी बाळंतपण होतं. सगळ्यांना वाटलं, काय दिलदार माणूस आहे.

आता जे सांगतो ते चौकशीत नाही. मी शंभूच्या बाजूची लाइन बंद केली, पण घरची डबी चालू ठेवली. उलट तिची वेळ आठवड्यातून तीनदाची होती ती रोजची करून टाकली. रोज सहा वीसला बोरजाईत घंटा वाजायची, डबी मोजायची, निकाल माझ्या पडद्यावर यायचा. शंभूचं मन बदललं तर असावी चालू, असं मी स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. मला बघायचं होतं. चोवीस वर्षं कुणाचं पत्र न फोडणारा मी, रोज संध्याकाळी चहाचा मग घेऊन दुसऱ्याच्या बायकोच्या खोलीतले श्वास मोजत बसत होतो. शब्द ऐकत नव्हतो ना, मग चोरी कसली?

रोज दोन श्वास. रोज लाल. रोज माझी खात्री पक्की होत गेली, आणि खोटं कशाला सांगू, रोज मला प्रांजलचा राग येत गेला. शंभू पार बदलला होता. गस्तीला सगळ्यात पुढं, जेवायला सगळ्यात शेवटी. दोरी न बांधता बर्फाच्या भेगेवरून गेला म्हणून साहेबांनी त्याला झापलं. हे पोर मरायला बघतंय, असं माझ्या मनात आलं. आणि याला जबाबदार ती, असंही आलं.

वीस तारखेला सहा वाजून एकवीस मिनिटांनी गिनती हिरवी झाली.

एकच श्वास. प्रांजल. मी उठून उभाच राहिलो. गेला एकदाचा, असं मी मोठ्यानं म्हणालो. माझे शब्द मला स्पष्ट आठवतात. धावत जाऊन शंभूला गाठलं, म्हटलं, बाबा, झालं गेलं गंगेला मिळालं, आता हिरवं आहे, एकदा बोलून घे, संसार असा मोडत नाहीत. ओढतच आणला त्याला, आणि नियम बाजूला ठेवून तेवढ्यापुरती लाइन जोडली. त्यानं पडद्यासमोर बसून बटण दाबलं.

प्रांजल जमिनीवर बसली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिच्या मागं पलंग होता आणि पलंगावर गादी नव्हती, नुसत्या फळ्या. दाराबाहेर बायकांचा आवाज येत होता. गिनती हिरवी व्हावी म्हणून तिनं सगळ्यांना खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं होतं.

ती म्हणाली, "आप्पा गेले. दुपारी. आत्ता नेलं त्यांना."

मग तिनं सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो. जानेवारीच्या शेवटी आप्पांचं हृदय थकलं. अंगावर सूज आली, ठोके वेडेवाकडे पडायला लागले. साताऱ्याला न्यायचं म्हटलं तर नाही म्हणाले. आमच्या गावात रीत आहे, सरहद्दीवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. तिथं बर्फात त्याचं लक्ष उडालं तर त्याच्या जिवावर बेतायचं. आप्पांनी सुनेचा हात धरून तिला शपथ घातली होती, शंभूला सांगायचं नाही, बारा तारखेला येतोयच तो. आणि पलंग डबीच्या खोलीत हलवून घेतला होता, पोराचा आवाज कानावर पडावा म्हणून. बारा तारीख गेली. तेरा गेली. तिनं शहरातल्या फौजेच्या ऑफिसला फोन केला, तिथून उत्तर मिळालं, माणूस सुखरूप आहे, लाइन त्यानंच बंद केली आहे.

शंभू ऐकत होता. दहा मिनिटं संपली तेव्हा पडदा आपोआप बंद झाला. तो नियम मीच घातला होता.

त्याला तातडीची रजा मिळाली, पण हवा खराब होती, हेलिकॉप्टर चौथ्या दिवशी उडालं. घरी पोचला तेव्हा चुलतभावानं अग्नी देऊन, राख सावडून झाली होती.

चौकशी पंधरा दिवस चालली. आमच्या डॉक्टरबाईंनी लिहून दिलं की हृदय फार थकलं की माणसाचा श्वास बदलतो. वाढत जातो, उतरत जातो, मध्ये काही सेकंद थांबतोच, मग परत सुरू होतो. ठोक्यांची चालही मोडते. त्यामुळं यंत्रानं आप्पांना ओळखलं नाही. निष्कर्ष असा निघाला की यंत्रानं नियमाप्रमाणे काम केलं, सिग्नलच्या माणसानं नियमाप्रमाणे लाइन बंद केली, यापुढं घरच्या आजारपणाची नोंद करून घ्यावी. कागदावर सही करताना साहेब मला म्हणाले, सयाजी, मनाला लावून घेऊ नकोस.

बारा ते वीस. आठ दिवस. त्या फॉर्ममधला पहिला प्रश्न मी विचारला असता तर बाप-लेकाला आठ दिवस मिळाले असते.

शंभू महिन्यानं परत आला. मुंडण केलेल्या डोक्यावर केस बोटभर आले होते. माझ्यासाठी वैशालीनं दिलेला लाडवांचा डबा घेऊन आला. मी विचारलं, प्रांजल कशी आहे? तो म्हणाला, मी सगळं सांगितलं तिला, माझ्या मनात काय आलं होतं ते. तेव्हापासून वाढते, कपडे धुते, बोलत नाही. आणि मग तो म्हणाला, "नाना, तुम्ही तरी काय करणार. मशीननं दाखवलं ते सांगितलंत."

वाटलं, असंच राहू दे. पोर मला दोष देत नाही, साहेब देत नाहीत, कागद देत नाही. मीच का माझ्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा? दोन दिवस मी तोंड शिवून राहिलो. तिसऱ्या दिवशी त्याचे लाडू मला गिळवेनात. त्याला बंकरमध्ये बोलावलं, पडद्यासमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मशीननं ते दाखवलं नव्हतं शंभू, मशीननं खरं दाखवलं होतं. मी ते बुजवलं. आणि तुझी लाइन बंद असताना मी रोज तुझं घर बघत होतो, तेही सांगितलं.

त्याचा चेहरा दगड झाला. मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, "आहे का अजून ते?"

कच्ची नोंद ठरावीक दिवसांनी आपोआप पुसली जाते, त्याला अजून चार दिवस उरले होते. मी उघडली. या वेळी गाळणीला हात लावला नाही.

सगळ्या दिवसांची सलग आणि न गाळता मीही ती पहिल्यांदाच बघत होतो. चार तारखेचा श्वास, पाचचा, सहाचा. भगदाडं रोज लांबत गेली होती. वीस सेकंद, पंचवीस, तीस. आणि एक गोष्ट होती जी गाळणीनं पार पुसून टाकली होती. डबी घंटा वाजायच्या थोडी आधीच मोजायला लागते. घंटेआधी रेघ तुटक असायची. सहा वीसला घंटा वाजली की भगदाडं बंद व्हायची. श्वास भरून यायचा, एका मापात, आत, बाहेर, आत, बाहेर. मिनिटभर. मग लाल दिवा लागायचा, घंटा थांबायची, आणि शेवटच्या काही सेकंदांत रेघ पुन्हा मोडायची.

"चार पावलं आत," शंभू पुटपुटला, "चार पावलं बाहेर."

पोराचा फोन येतोय म्हणून म्हातारा श्वास सावरून बसायचा. दम लागलेला पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि ती घंटा शंभूची नव्हतीच. लाइन बंद होती. ती माझी होती. पंधरा दिवस आप्पांना रोज उठवून बसवलं ते मी.

मी रडलो. माझ्या वयाच्या माणसानं हाताखालच्या माणसासमोर रडू नये, पण रडलो. शंभू रडला नाही. त्यानं एकोणीस तारखेची रेघ दोनदा बघितली, मग म्हणाला, "माझी लाइन सुरू करा नाना. सहा वीस होतायत."

बंद लाइन पुन्हा सुरू करायची तर पडताळणी फोन करावाच लागतो. नियम आहे. शंभू समोर बसलेला, पुढ्यात फॉर्म, आणि मी बोरजाईचा नंबर लावला. साधा, आवाजाचा. प्रांजलनं उचलला. मी माझं नाव आणि हुद्दा सांगितला, तसं सांगायचं असतं. मग पहिला प्रश्न वाचला. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"खोलीत कोण कोण आहे?"

पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही. त्या शांततेत मी काही भरायला गेलो नाही.

मग ती म्हणाली, "आत्ता विचारताय होय, नाना?"

 शंभूनं मान खाली घातली होती.

"मी एकटीच आहे," ती म्हणाली. "लिहा."

मी लिहिलं.